साठीच्या पुढे पाण्यात उतरू देत नाहीत

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मैत्रिणींपाशी नाही. आणि जिला हे सांगायला हवं होतं, तिच्याशी तर मी दर रविवारी तासभर फोनवर बोलते. भाजी कुठली केली, गुडघा कसा आहे, शेजारच्यांच्या सुनेचं काय झालं — सगळं बोलून होतं. एवढं सोडून. मग तुम्हाला का सांगते आहे? खरंच माहीत नाही. तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट लहान आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. सगळं मिळून एक वाक्य आहे — सहा शब्दांचं. सात वर्षांपूर्वी एका बेटाच्या किनाऱ्यावर, सकाळी नऊच्या सुमाराला, मी ते आईला म्हणाले. वाक्यावर येते. येणारच आहे. पण जरा मागून सुरुवात करू द्या, कारण आई कोण आहे हे कळल्याशिवाय ते वाक्य नुसतं वाक्यच वाटेल.

आम्ही डार्विनला राहतो. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट, माझा नवरा समीर गॅसच्या प्रोजेक्टवर इंजिनिअर. घरापासून गाडीने सात मिनिटांवर समुद्र आहे आणि त्यात शहाणा माणूस उतरत नाही. मगरी बारा महिने, आणि पावसाळ्यात वरून विषारी जेलीफिश. किनाऱ्यावर पिवळ्या पाट्या लावल्यात, जबडा उघडलेल्या मगरीच्या. आम्ही संध्याकाळी फोरशोरवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाटेवर, चालायला जातो, पाण्याकडे बघतो आणि घरी येतो. मिठाईच्या दुकानासमोर घर घेतलेल्या मधुमेह्यासारखी आमची गत आहे.

आई पहिल्यांदा आली तेव्हा त्या पाटीसमोर उभी राहून तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली. पाट्या पूर्ण वाचायची तिला सवय आहे — एकतीस वर्षं साताऱ्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला तिने. वाचून झाल्यावर म्हणाली, “एवढा समुद्र, आणि नुसता बघायचा?” चेहरा असा केला, जणू वर्गात कुणी गृहपाठ न करता आलंय.

मला तेव्हा हसू आलं. पण आईचं आणि पाण्याचं जुनं आहे. ती लहानपणी तिच्या मामाच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकली. शिकली म्हणजे काय — भावांच्या पाठीला तुपाचा रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलत, तसं तिलाही ढकललं. डबा तरंगतो, त्याच्याबरोबर आपण तरंगतो, हातपाय मारता मारता एक दिवस डब्याची गरज उरत नाही. आईची गरज चार दिवसांत संपली. भावांना पंधरा दिवस लागले — हे ती अजून सांगते, आणि माझे मामा अजून नाकारतात. मग ती बारा वर्षांची झाली आणि कुणीतरी म्हणालं, आता पुरे. तेव्हापासून ती पाण्यात उतरली नव्हती. शाळा, लग्न, मी, बाबांचं आजारपण, बाबांचं जाणं. पंचावन्न वर्षं.

त्या पाटीसमोर मी तिला म्हणाले, तुला मी अशा समुद्रावर नेईन जिथे उतरता येतं. हे लक्षात ठेवा — वचन मी दिलं होतं. तिने मागितलं नव्हतं.

कुठला समुद्र, हे मात्र तिने सांगितलं. एका श्वासात. भूमध्य. दरवर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर खडूने तो काढायची ती. इटलीचा बूट, खाली सिसिली, उजवीकडे ग्रीस आणि त्याच्याखाली आडवं पडलेलं क्रीट. उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी. ऑलिव्ह, द्राक्षे, संत्री. मी तिच्याच वर्गात होते, मला तो धडा अजून पाठ आहे. एकतीस वेळा काढलेला समुद्र, आणि हात कधी खडूखेरीज कशाने ओला— नाही, खडूने हात ओला होत नाही. पण कळलं ना तुम्हाला?

पुढल्या खेपेला येण्याआधीच तिने तयारीला सुरुवात केली. व्हिसासाठी एकटी मुंबईला जाऊन आली. फॉर्म भरताना मला फोन केला — प्रवासाच्या हेतूत ‘जलक्रीडा’ लिहू का? मी म्हटलं, आई, पर्यटन लिही. मग एक वही केली. मी क्रीटवर जिथे बुकिंग केलं होतं त्या गावाच्या किनाऱ्यावर काय काय करता येतं ते मला विचारून विचारून तिने तक्ता आखला. डावीकडे प्रकार — कयाक, पॅडल बोर्ड, पॅरासेलिंग, दोरीला बांधून ओढायचा तो फुगीर केळ्याचा प्रकार, तोंडावर काच लावून मासे बघणे. वरती नावं — समीर, मंजू, ईशान, मी. मंजू म्हणजे मी, शेवटची ‘मी’ म्हणजे आई; ईशान माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या रकान्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. स्वतःच्या रकान्यात तिने एकच खूण केली होती. काच लावून मासे बघणे. बाकी ठिकाणी फुली मारून शेजारी बारीक अक्षरात ‘वय’ असं लिहिलं होतं. तिला तिच्या मर्यादा माहीत नव्हत्या असं कुणी म्हणू नये. मी तर नाहीच.

एप्रिलमध्ये ती डार्विनला आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिच्यासाठी पोहण्याचा पोशाख आणला, काळा, कोपरापासून गुडघ्यापर्यंत झाकणारा. ट्रायल रूममधून बाहेर आली आणि आरशात बघून म्हणाली, सर्कशीतली दिसते मी. पण घेतला. मग रोज सकाळी मी कामावर जाताना तिला पब्लिक स्विमिंग पूलवर सोडायची. पहिल्या दिवशी तिथे पोचल्यावर तिने पिशवीतून काय काढलं असेल? तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. झाकण घट्ट लावलेला, कानातून नाडी ओवलेली. इंडियन स्टोअरचं लेबल तसंच होतं, त्यावर शेंगदाण्यांचा ढीग. तिने तो पाठीला बांधला आणि शिडीवरून उतरली. मी लाजेने लाइफगार्डकडे बघितलं. तो म्हणाला, “नो वरीज, लव्ह. तिला काय करायचंय ते कळतंय.”

खरंच कळत होतं. दोन आठवड्यांत ती कॅनशिवाय आडवा पूल पार करायला लागली. ईशान काठावरून ‘गो आजी’ म्हणून ओरडायचा. तरी कॅन ती रोज न्यायची. मी विचारलं तर म्हणाली, हा पूल आहे. समुद्र म्हणजे थोरला माणूस, त्याच्यासमोर जाताना जरा नम्रपणे जावं. क्रीटला निघताना मी तो कॅन बॅगेतून दोनदा बाहेर काढला. तिने दोनदा परत ठेवला.

आता येते. थांबा — एक गोष्ट आधी. मी इथे लिहिणार होते की मी फार दमले होते. तीन महिने रोज सकाळी पूल, मग शिफ्ट, मग स्वयंपाक, ईशानचं होमवर्क, आईला मंदिर, आईला मार्केट. लिहिलं होतं, खोडलं. दमले होते हे खरं आहे. पण दमलेली माणसं खोटं बोलतात असं काही नाही. बहुतेक नुसती झोपतात.

तर जुलैमधली ती सकाळ. चानियाजवळचा एक छोटा उपसागर. पाणी असं, की तळातला खडा न् खडा दिसत होता. किनाऱ्यावर लाकडी खोपट, त्यात कयाक, बोर्ड आणि मास्क भाड्याने मिळत. खोपट चालवणारी मुलगी एलेनी, पंचविशीतली, उन्हाने तांब्यासारखी झालेली. तिची सकाळची एक ट्रिप असायची — कयाक वल्हवत समुद्रगुहेपर्यंत जायचं, तिथे मास्क लावून पाण्यात उतरायचं, मासे बघायचे, जेवणाच्या वेळेला परत. समीर आणि ईशान गाडी लावायला गेले होते. आई सामान घेऊन पन्नासएक पावलांवर एका झाडाच्या सावलीत बसली होती. मी एकटी एलेनीशी बोलायला गेले.

मी तिला विचारलं. प्रामाणिकपणे विचारलं, एवढं तरी माझ्या नावावर असू द्या. म्हटलं, माझी आई सदुसष्ट वर्षांची आहे, पोहता येतं, पण समुद्रात कधी गेलेली नाही. चालेल का? एलेनी हसली. तिच्या इंग्रजीत म्हणाली, माझी आजी अठ्ठ्याहत्तरची आहे, रोज सकाळी समुद्रात जाते, हिवाळ्यातसुद्धा. तुमच्या आईला दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवा, तुम्ही मागे बसा. गुहेपाशी पाणी कमरेइतकं आहे, तिथे मी स्वतः तिचा हात धरेन. “आण तिला,” ती म्हणाली. “आण.”

मी वळले. आई झाडाखाली उभी राहिली होती. तिने पिशवीतून तो कॅन काढला होता आणि कमरेच्या मागे नाडीची गाठ मारत होती, पंजाबी ड्रेसवरूनच, माप बघायला. केसांवर शॉवर कॅप आधीच चढवली होती. बाजूला आरामखुर्च्यांवर दोन मुली पडल्या होत्या — लांब, सुरेख, इवल्याशा बिकिनीत — आणि कोपरावर उठून तिच्याकडे बघत होत्या. एक हसली. कदाचित कौतुकाने हसली असेल. मी ते ठरवायला थांबले नाही.

आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काहीतरी होतं. वाळूवर एक एकटीची कयाक पडली होती. लाल. मी आईला पुढे बसवून दोघींची कयाक घेतली, तर सगळ्यांत मागे राहणार, दर पाच मिनिटांनी वळून ‘ठीक आहेस ना’ विचारणार, गुहेपाशी कॅन सांभाळणार, लोकांच्या नजरा सांभाळणार. आणि नाही घेतली तर? तर ती लाल कयाक माझी. कुणाची मुलगी नाही, कुणाची आई नाही — चार तास, मी आणि वल्हं.

पन्नास पावलं. मी चालत तिच्यापर्यंत गेले. पन्नास पावलांत माणूस किती वेळा परत फिरू शकतो, मोजलंय कधी?

मी म्हटलं, “आई, साठीच्या पुढे पाण्यात उतरू देत नाहीत.”

झालं. हेच ते.

तिने एकदाही ‘का’ म्हणून विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारेल, मी मनात विम्याचं कारण तयार ठेवलं होतं. ते वापरावंच लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, “असं होय,” आणि पाठीमागे हात नेऊन गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. मी सोडवून दिली.

समीर आला तो ऐकून चिडला. हा कसला नियम, मी बोलतो तिच्याशी, म्हणून खोपटाकडे निघाला. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, नको, तमाशा नको, तिने नीट सांगितलंय. ईशानच्या डोळ्यांत पाणी आलं. “दॅट्स सो अनफेअर, आजी.” तर आईच त्याला समजावत होती, की बाळा, नियम असतो तो काहीतरी विचार करून केलेला असतो; पूलवर पळू नका म्हणतात तेव्हा आपण पळतो का? तो म्हणाला, नो. मग झालं तर, आई म्हणाली. माझ्या खोट्याची वकिली तिने केली. माझ्याच मुलासमोर.

एवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही थांबले. एलेनीने आम्हाला तिघांनाच येताना बघितलं आणि ते दोघे कयाक पाण्याकडे ओढत असताना मला विचारलं, आई कुठे? तिलाही काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ती पाण्याला घाबरते. एलेनीचा चेहरा मऊ झाला. निघण्याआधी ती झाडाखाली गेली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. आईने तिला नमस्कार केला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी लांबून बघत होते आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होते.

आता सगळ्यांत अवघड. गुहेपर्यंतचा तो प्रवास — तो फार सुंदर होता. मला तिथे वाईट वाटत होतं, घास घशाखाली उतरत नव्हता, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. लाल कयाक हलकी होती, माझे हात मजबूत निघाले, मी सगळ्यांच्या पुढे गेले. गुहेत निळा उजेड होता. मास्क लावून डोकं पाण्यात घातलं, तर चंदेरी माशांची एक आख्खी शाळा सुटल्यासारखी माझ्या पोटाखालून गेली. मी पाण्यात हसले, नाकात पाणी गेलं. त्या चार तासांत मला आईची आठवण एकदाही आली नाही. एकदाही नाही.

परत आलो तेव्हा ती पाण्याच्या कडेला बसली होती. सलवार दोन बोटं वर दुमडलेली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. चपला, आमचे मोबाइल, पाकिटं, टॉवेल — सगळं शेजारी नीट रांगेत मांडलेलं. कॅन सगळ्यात शेवटी. ईशान धावत गेला आणि मासे सांगायला लागला, तिने वही काढली आणि रंग विचारून विचारून लिहून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझा चेहरा किती मोकळा झालाय गं.” मनापासून म्हणाली. खूश होती ती, माझ्यासाठी.

संध्याकाळी हॉटेलवर तिने अंघोळीला जाताना ड्रेस उतरवला. आत तो काळा पोशाख होता. सकाळी निघतानाच घालून आली होती, वरून ड्रेस. म्हणजे दिवसभर त्या उन्हात तो तिच्या अंगावर होता. तिने बाथरूममध्ये तो साबण लावून धुतला, पिळला, आणि बाल्कनीत दोरीवर आमच्या ओल्या कपड्यांच्या ओळीत वाळत घातला. मी म्हटलं, अगं, तो कोरडाच होता, कशाला धुतलास? म्हणाली, घामाने भिजला होता. चार पोशाख शेजारी शेजारी ठिबकत होते. बाहेरून बघणाऱ्याला कळलंही नसतं की कोण गेलं होतं आणि कोण नाही.

आम्ही तिथे आणखी पाच दिवस होतो. पाच सकाळी. रोज मला वाटायचं, आज म्हणावं — मी परत विचारलं, तो नियम बदलला. एवढं सोपं होतं ते; एका खोट्यावर दुसरं चढवायचं, की पहिलं फिटलं असतं. पण मला भीती वाटायची की एलेनी तिच्यासमोर काही बोलून जाईल. म्हणून मी सगळ्यांना किल्ले दाखवायला नेलं, ऑलिव्हच्या बागा दाखवायला नेलं. आईला बागा आवडल्या. ऑलिव्हच्या झाडाखाली उभी राहून तिने ईशानला आख्खा धडा म्हणून दाखवला.

डार्विनला परत आल्यावर ती पूलवर गेली नाही. मी दोनतीनदा विचारलं. आता ऊन वाढलंय म्हणाली, मग डोळे चुरचुरतात म्हणाली. जायचे दिवस जवळ आले तेव्हा गणपती होते. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात तिने ती क्रीटची गोष्ट सांगितली. तिकडचे लोक किती शिस्तीचे, म्हाताऱ्या माणसांची किती काळजी, साठीपुढे पाण्यात पाऊलच ठेवू देत नाहीत. आमच्या ओळखीतली एक डॉक्टर म्हणाली, खरंच? माझ्या सासूबाई तर ग्रीसला मस्त पोहल्या की. माझ्या हातातला मोदक तसाच राहिला. मी पटकन म्हणाले, बेटाबेटावर वेगळे नियम असतात. आई म्हणाली, असतील, प्रत्येक ठिकाणचे प्रवाह वेगळे. भूगोलाच्या बाईंनीच कारण पुरवलं, मग कोण वाद घालणार? मोदक मी संपवला.

कॅन ती इथेच ठेवून गेली. आमच्या लाँड्रीत आहे. त्याची नाडी मी अजून काढलेली नाही, आणि तो वापरतही नाही. समीर दोनदा टाकायला निघाला होता. मी म्हटलं, असू दे, लागतो.

आई आता चौऱ्याहत्तरची आहे. दीड वर्षापूर्वी तिला चक्कर यायला लागली. कानाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलंय, लांबचा विमानप्रवास नको, आणि पाण्यात तर अजिबात उतरायचं नाही, बादलीतून तांब्याने अंघोळ. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा हसत होती. म्हणाली, बघ, तिकडे क्रीटमध्ये त्यांना आधीच कळलं होतं. मी पण हसले. फोन ठेवला आणि लाँड्रीत जाऊन उभी राहिले. वॉशिंग मशीन चालू होतं, ते संपेपर्यंत तिथेच उभी होते.

तर मागच्या रविवारी. इथे दुपार, ईशान सोफ्यावर पसरून मोबाइल बघत होता. सोळाचा आहे आता. आईचा फोन आला. तिच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वार्षिक अंक निघणार आहे आणि तिने त्यात प्रवासवर्णन दिलंय. तिच्या पिढीचं हे असतंच — प्रवास झाला की वर्णन लिहायचं. काहीजणी महिन्यात लिहितात, तिला सात वर्षं लागली. शीर्षक ‘फळ्यावरचा समुद्र’. म्हणाली, वाचून दाखवते, चुका सांग.

ती वाचत गेली. शाळेतल्यासारखं, स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबत. मुंबईचं व्हिसाचं ऑफिस, डार्विनचा पूल, लाइफगार्डचं ‘लव्ह’ सुद्धा. मग तो उपसागर आला. तिने लिहिलं होतं, की तेथील नियमानुसार वयामुळे मला पाण्यात प्रवेश नव्हता, मात्र घोट्यापर्यंत पाय बुडवण्यास कोणी हरकत घेतली नाही, आणि तेवढा भूमध्य समुद्र माझ्या वाट्याला आला, त्यात मी समाधानी आहे. तिथली एलेनी नावाची मुलगी फार गुणी होती, तिने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. नियम पाळावा लागतो म्हणून तिलाच वाईट वाटत असावं. आणि शेवटी ज्येष्ठ वाचकांसाठी एक परिच्छेद होता. परदेशी गेल्यावर जे करायचं ते साठीच्या आत करून घ्यावं. नंतर हट्ट करू नये. आपल्या हट्टापायी मुलांना अनोळखी माणसांपुढे विचारायला जावं लागतं, आणि नकार घेऊन परत येताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

चेहरा. पन्नास पावलं चालत येताना तिने माझा चेहरा बघितला होता. आणि त्याचा हा अर्थ लावला होता.

तिला वाटलं लाइन गेली. हॅलो, हॅलो करत राहिली. मी म्हटलं, आहे मी, ऐकतेय.

मग तिने कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणाली, “मंजू, एक सांग. छापून जाणार आहे, चूक नको. मी साठ लिहिलंय, पण ते साठ होतं की पासष्ट? तू स्वतः बोलली होतीस ना तिच्याशी. आठवून सांग, घाई नाही.”

घाई नव्हती. ती थांबली होती. सात वर्षांनी तिने स्वतःच्या हाताने माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं आणि वाट बघत होती. ईशान सोफ्यावरून बघत होता. मला एलेनीचा आवाज ऐकू येत होता — आण तिला, आण.

मी म्हटलं, “साठ.”

“साठ,” ती म्हणाली, आणि त्याखाली रेघ ओढल्याचा आवाज आला.